ताटातले जस्त अंगी कसे लागेल?

बेळगाव जिल्ह्यातील अथणी किंवा रायबाग तालुक्यातील काळ्या रानात मका लावणाऱ्या शेतकऱ्याला जस्त म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. पीक गुडघ्याएवढे होण्याआधीच कोवळ्या पानांवर, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे उठले की तो एखादे पान तोडून खताच्या दुकानात नेतो, आणि ‘झिंक कमी पडले आहे’ असे ऐकून झिंक सल्फेटची पिशवी घेऊन परततो. त्याच्या मातीत जस्त मुळीच नसते असे नाही. चुनखडीच्या, जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते आणि मुळांना उचलता येत नाही. त्याच शेतकऱ्याच्या घरी, त्याच्या मुलाबाळांच्या ताटात नेमके असेच घडते. भाकरीत जस्त असते, उसळीत असते, शेंगदाण्याच्या चटणीतही असते. पण त्यातले बरेचसे बांधलेले असते आणि पोटात जाऊनही अंगी लागत नाही. म्हणून ‘कोणत्या पदार्थात किती जस्त’ या कोष्टकापाशी थांबून आपल्या भागातील माणसाचे काम भागत नाही. ते सुटते कसे, हेही समजून घ्यावे लागते.

प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात जस्त असते अवघे दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर मिठाहून फार जास्त नाही. तेवढ्यावर सुमारे तीनशे विकरांचे, म्हणजे एन्झाइमचे, काम चालते. पेशींचे विभाजन, जखमेवर नवी कातडी येणे, रोगप्रतिकारक पेशींची वाढ, जिभेची चव, अंधूक प्रकाशात दिसण्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्वाचा वापर, स्वादुपिंडात इन्सुलिनची साठवण, या सगळ्यांत त्याचा हात असतो. जेथे पेशी झपाट्याने वाढतात तेथे त्याची गरज सर्वांत जास्त असते, म्हणून तुटवड्याचा फटका आधी बसतो तो पोटातल्या बाळाला, रांगत्या मुलाला आणि वयात येणाऱ्या मुलामुलींना. लोहाचा साठा यकृतात राहतो, ‘ड’ जीवनसत्त्व चरबीत टिकते. जस्तासाठी मात्र शरीराकडे असे राखीव कोठार नाही. ते रोज थोडे बाहेर पडते आणि रोज थोडे आत यावे लागते.

माणसाला जस्त कमी पडू शकते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. जस्त सगळ्याच अन्नात असते, मग ते कमी कसे पडेल, असा पूर्वी समज होता. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे गेले, तेव्हा त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा होता. उंची खुंटलेली, दाढीमिशा नाहीत, अंगात रक्त नाही. तशाच आणखी काही तरुणांना तपासून त्यांनी १९६१ मध्ये आपली शंका मांडली. हे लोक मांस जवळपास खात नव्हते, त्यांचा मुख्य आहार न आंबवलेल्या गव्हाच्या रोट्यांचा होता आणि त्यांना माती खाण्याची सवय होती. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांच्या रक्तातले जस्त मोजले गेले, त्यांना जस्त दिले गेले, तेव्हा थांबलेली वाढ पुन्हा सुरू झाली. अमेरिकेने जस्ताला अत्यावश्यक पोषकद्रव्य म्हणून मान्यता दिली ती १९७४ मध्ये. या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रोटी. ते तरुण उपाशी नव्हते. ते पोटभर अख्खे धान्य खात होते, आणि अख्ख्या गव्हात जस्त चांगलेच असते.

आता आपले ताट पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम, स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम आणि गर्भवतीला १४.५ मिलिग्रॅम जस्त मिळावे. अमेरिकेत हेच आकडे ११ आणि ८ आहेत. भारतीय शरीर वेगळे आहे म्हणून हा फरक पडत नाही. धान्य-कडधान्यांवर चालणाऱ्या आहारातून जस्त कमी शोषले जाते, हे आपल्या आकड्यांत आधीच धरलेले आहे.

चिकोडी-निपाणीकडच्या एखाद्या शाकाहारी घरातील गृहिणीचा साधा दिवस घ्या. दोन जोंधळ्याच्या भाकऱ्या म्हणजे साधारण १३० ग्रॅम पीठ. जोंधळ्यात शंभर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम जस्त असते, म्हणजे इथे मिळाले अडीचपेक्षा किंचित जास्त. दोन वेळच्या भाताचे १०० ग्रॅम तांदूळ धरले तर १.२ मिलिग्रॅम. आमटीतील मूठभर तूरडाळीचे पाऊण, मटकीच्या उसळीचे एकाला थोडे कमी, शेंगदाण्याच्या चटणीचे अर्ध्याहून थोडे जास्त, भाजीचे तेवढेच, ताक आणि चहातील दुधाचे मिळून तेवढेच. बेरीज होते सात ते साडेसात मिलिग्रॅम. जेवण बेताचे नाही, पोट भरलेले आहे, पण जस्ताची शिफारस जेमतेम निम्मी गाठली आहे. शिफारशीपेक्षा कमी मिळाले म्हणजे प्रत्येकाला आजार होतोच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जस्त कमी मिळू लागले की आतडी त्याचा जास्त हिस्सा शोषतात आणि बाहेर टाकणे कमी करतात. पण या काटकसरीलाही मर्यादा आहे, आणि गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना ती लवकर संपते. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या मुलांच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १९ टक्के मुलांत आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या सुमारे ३२ टक्के मुलामुलींत जस्ताची कमतरता आढळली होती.

त्यातही या सात मिलिग्रॅमपैकी रक्तात किती उतरते? जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी ढोबळ टप्पे केले आहेत. मांस-मासे भरपूर आणि सोललेले धान्य असा आहार असेल तर निम्म्याच्या आसपास जस्त शोषले जाते, मिश्र आहारातून तीस टक्के, आणि मुख्यतः न आंबवलेल्या अख्ख्या धान्यावर व कडधान्यावर चालणाऱ्या आहारातून केवळ पंधरा टक्क्यांच्या आसपास. शरीराला प्रत्यक्ष रक्तात हवे असते दिवसाला दोन ते चार मिलिग्रॅम. साताचे पंधरा टक्के एकाच्या आसपासच जातात.

अडवणारा पदार्थ आहे फायटेट. जोंधळा असो वा हरभरा, दाणा हे मुळात बियाणे आहे आणि उद्याच्या अंकुरासाठी लागणारा फॉस्फरस तो फायटिक आम्लाच्या, म्हणजेच फायटेटच्या, रूपात साठवून ठेवतो, मुख्यतः कोंड्यात आणि अंकुराच्या भागात. या आम्लाच्या रेणूला फॉस्फेटचे सहा हात असतात आणि ते हात जस्त, लोह, कॅल्शियम यांना घट्ट धरून ठेवतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जीवाणू ही पकड सोडवतात, म्हणून म्हशीला तोच कोंडा मानवतो. माणसाच्या आतड्यात ती सोय जवळपास नाही. मात्र दाण्याकडे स्वतःची किल्ली असते. फायटेज नावाचे विकर दाण्यातच झोपलेले असते. ओल, ऊब आणि थोडा आंबटपणा मिळाला की ते जागे होते आणि अंकुरासाठी तो साठा फोडू लागते.

सगळ्या स्वयंपाकघराला लागू पडणारी एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यायला हवी. नेहमीच्या शिजवण्याने फायटेट फारसे मोडत नाही, पण ते मोडणारे फायटेज मात्र उष्णतेने निकामी होते. म्हणून जे काही सुटायचे ते चुलीवर चढवण्याआधी सुटले पाहिजे. क्रम उलटला तर फायदा हातचा जातो. भाकरीच्या बाबतीत हीच अडचण आहे. आपण पिठात गरम पाणी घालतो, मळतो आणि लगेच थापून तव्यावर टाकतो. जोंधळ्यात मुळातच फायटेज कमी, त्यात त्याला वेळही मिळत नाही. भाकरी सोडा असे कोणी म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. तिच्याऐवजी मैदा खाण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण मैद्यातून फायटेट जाते तसे दोन तृतीयांश जस्तही कोंड्याबरोबर जाते. भाकरीच्या जोडीला काय येते आणि दिवसातले दुसरे एखादे खाणे कसे केले जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

निपाणीजवळच्या एका गावात माझी मावशी उन्हाळाभर आंबील करते. रात्री जेवणे आटोपली की ती मातीच्या भांड्यात जोंधळ्याचे पीठ ताकात कालवते, गुठळ्या बोटांनी मोडते, वरून कापड बांधते आणि भांडे चुलीच्या उबेला ठेवून देते. सकाळी कापड काढले की भांड्याच्या कडेने बारीक बुडबुडे आलेले असतात आणि आंबूस वास सुटलेला असतो. मग ती पाण्याला आधण आणून ते कालवण सावकाश ओतते आणि दाट होईपर्यंत ढवळत राहते. शेवटी ठेचलेला लसूण, जिरे आणि मीठ पडते. रात्रभराच्या त्या सात-आठ तासांत ताकातील जीवाणू आम्ल तयार करतात, पीठ आंबट होते, आणि दाण्यातील फायटेजला नेमका तेवढाच आंबटपणा सर्वांत मानवतो. फायटेटचे हात सुटू लागतात. यल्लम्माच्या आंबील यात्रेत आंबिलीबरोबर घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. आंबवलेले धान्य आणि भिजवून शिजवलेले अख्खे दाणे हे दोन्ही पदार्थ तेथे एकाच पानावर येतात.

आता मात्र अनेक घरांत आंबील ‘झटपट’ होऊ लागली आहे. पिठात आंबट दही घालायचे आणि लगेच उकळायचे. चव तीच येते, पण रात्र वगळल्यामुळे जस्त बांधलेले ते बांधलेलेच राहते. इडलीच्या पिठात सोडा घालून ती तासाभरात फुगवली जाते, तेव्हाही हेच होते. रात्रभर आंबवलेली इडली, खानापूरकडची आंबोळी, डोसा यांत तांदूळ व उडीद भिजतात, वाटले जातात आणि आंबतात, म्हणून या पदार्थांतील जस्त जास्त सहज मिळते. चपातीची कणीक अर्धा-एक तास भिजवून ठेवल्यानेही थोडा फरक पडतो, कारण गव्हात फायटेज जोंधळ्यापेक्षा बरेच जास्त असते.

मोड आणणे ही दुसरी वाट. मटकी, मूग, हुलगे, हरभरे रात्रभर भिजवून, पाणी काढून टाकून ओल्या फडक्यात बांधले की दुसऱ्या दिवसापर्यंत फायटेट उतरू लागते. नुसते भिजवण्यानेही काही प्रमाणात उतरते. किती उतरेल, ते दाण्यावर, उबेवर आणि वेळेवर अवलंबून असते, पण मोड जितके वाढलेले दिसतील तितका लाभ जास्त. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवलेले पीठ घरात असेल तर ते लहान मुलांच्या खिरीपुरते ठेवू नये. आंबिलीच्या कालवणात त्यातले दोन चमचे रात्रीच घातले तर मोडाच्या पिठातील फायटेज जोंधळ्याच्या कामी येते.

तिसरी गोष्ट ऐकून अनेकांना आनंद होईल. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धान्य व कडधान्याबरोबर कांदा किंवा लसूण घातल्यावर त्यातील लोह आणि जस्त अधिक प्रमाणात मोकळे झालेले आढळले. हे प्रयोग माणसांवर नव्हे, तर पचनक्रियेची नक्कल करणाऱ्या काचेच्या उपकरणांत झाले होते, त्यामुळे त्यांना तेवढेच वजन द्यावे. तरी भाकरीशेजारी बुक्कीने फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी ठेवण्याला हे एक चांगले कारण आहे. दही, ताक, दूध किंवा अंडे याच घासाबरोबर आले तर त्यांतील प्रथिनांमुळेही धान्यातील जस्त शोषायला मदत होते. चहाबद्दल जी भीती घातली जाते ती मुख्यतः लोहाबाबत खरी आहे. जस्ताच्या शोषणावर चहाचा परिणाम त्या मानाने कमी होतो.

आता भर कशाची घालायची? तिळात शंभर ग्रॅमला साडेसातच्या पुढे जस्त असते, भोपळ्याच्या सोललेल्या बियांत जवळपास तितकेच, काजूत पाच-साडेपाच, हरभऱ्यात आणि शेंगदाण्यात तीन-सव्वातीनच्या आसपास, बाजरीत पावणेतीन. तिळात फायटेटही भरपूर असते, त्यामुळे त्याचा आकडा वाचून हुरळून जाऊ नये, पण रोज दोन चमचे तिळकूट भाकरीवर पडले तर हिशेबात दीड मिलिग्रॅमची भर पडतेच. भोगीच्या दिवशी आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हरभरा-पावटा-शेंगदाणे घातलेली मिसळ भाजी आणि लोणी असते. जस्ताच्या दृष्टीने ते वर्षातील उत्तम ताटांपैकी एक आहे, आणि ते एका दिवसापुरते ठेवण्याचे काही कारण नाही. फळे आणि पालेभाज्या इतर अनेक कारणांसाठी हव्यात, पण त्यांतून जस्त फारच थोडे मिळते.

जे मांसाहार करतात त्यांचे काम सोपे आहे. मटणात शंभर ग्रॅमला चारच्या आसपास जस्त असते आणि त्याला फायटेटने बांधलेले नसते. शिवाय त्याच जेवणातील भाकरीचे जस्तही ते शोषायला लावते. कोंबडीत त्याच्या निम्म्याहून कमी, नेहमीच्या माशांत आणखी कमी, एका अंड्यात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा थोडे जास्त. कारवार-गोव्याकडून येणारी कालवे, म्हणजे ऑयस्टर, मात्र या बाबतीत सगळ्या अन्नपदार्थांच्या पुढे आहेत. पूर्ण शाकाहारी माणसाला तीळ, मोड, आंबवण आणि दूध-दही या चौघांवर भर द्यावा लागतो. वर मोजलेल्या त्या गृहिणीच्या दिवसात दोन चमचे तीळ, मूठभर भिजवलेले हरभरे आणि एक पेला दूध आले तर तिची बेरीज साडेसातावरून अकराच्या जवळ जाते, आणि आंबिलीमुळे व मोडांमुळे त्यातले जास्त अंगी लागते. कर्नाटकातील शाळांत मुलांना अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे मिळते. २०२५ पर्यंत केळ्याऐवजी शेंगदाण्याची चिक्कीही मिळत असे. ज्या घरी अंडे चालत नाही त्यांनी मुलाला शेंगदाण्याची चिक्की घरी द्यावी, कारण केळ्यात जस्त नगण्य असते.

बाळाच्या बाबतीत एक चूक फार दिसते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातून बाळाला पुरेसे जस्त मिळते. त्यानंतर मऊ भात आणि वरणाचे वरचे पाणी यांवर त्याला महिनोन्‌महिने ठेवले तर जस्त पडते फार कमी. जस्त डाळीत असते, वरच्या पाण्यात नाही. डाळ घोटून द्यावी, मोड आलेल्या नाचणीची खीर द्यावी, घरात चालत असेल तर अंडे द्यावे.

हे सगळे वाचून कोणी थेट गोळ्यांकडे वळू नये. करोनाच्या काळात जस्ताच्या गोळ्या खूप खपल्या आणि त्यानंतर ती सवय अनेक घरांत राहिली. प्रौढाने दीर्घकाळ दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त जस्त घेऊ नये, आणि बाजारात मिळणाऱ्या काही गोळ्यांत एकेकीत ५० मिलिग्रॅम असते. जास्तीच्या जस्तामुळे आतड्यातून तांबे शोषले जाणे थांबते, मग रक्त कमी होते, पांढऱ्या पेशी घटतात आणि हातापायांत मुंग्या येऊ लागतात. कारण सापडेपर्यंत बराच काळ जातो. लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या गर्भवतीने त्या बंद करू नयेत, पण जस्ताची गोळीही दिली असेल तर दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. केस गळतात, तोंडाची चव गेली आहे म्हणून स्वतःच रक्ततपासणी करून घेण्यातही फारसा अर्थ नाही. साधा ताप किंवा संसर्ग असला तरी रक्तातले जस्त तात्पुरते उतरते, त्यामुळे तो आकडा डॉक्टरांनीच बाकीच्या लक्षणांसह वाचावा लागतो.

जेथे गोळीची खरोखर गरज आहे असा प्रसंग आहे तो मुलांच्या हगवणीचा. जुलाबातून जस्त भराभर बाहेर जाते, आणि जस्त कमी झाले की आतड्याचे अस्तर लवकर भरून येत नाही, म्हणजे जुलाब आणखी लांबतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये ओआरएसबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. आशाताई ओआरएसच्या पुडीबरोबर देतात ती पांढरी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात ठेवली की काही क्षणांत फुटून विरघळते आणि तो चमचा बाळाच्या तोंडात रिकामा करायचा असतो. सहा महिन्यांवरील मुलाला दिवसातून एकदा २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि बहुतेक घरांत गोळ्याही तेथेच थांबतात. ती पाकिटे चौदा दिवसांची असतात, कारण पहिले काही दिवस फक्त गळती थांबवण्यात जातात. गेलेले जस्त भरून निघणे आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा हगवण लागण्याची शक्यता कमी होणे हे उरलेल्या गोळ्यांचे काम आहे.